सेवा आणि राज्य : ग्रॉटन शाळा व तिच्यावरील दोन कादंबऱ्या

१

शाळेवरील कादंबरीची समीक्षा बहुधा एका ठरावीक वाटेने जाते. कादंबरीतील शाळा प्रत्यक्षात कोणती, तिचा मुख्याध्यापक म्हणजे कोण, अमुक प्रसंग घडलेला की कल्पिलेला, या चौकशीत समीक्षकाचा बराच काळ खर्ची पडतो; आणि मूळ व्यक्ती एकदा हाती लागली म्हणजे आपले कार्य संपले अशी त्याची समजूत होते. वास्तविक कार्याचा आरंभ तेथून व्हावयास हवा. एका संस्थेतून दोन भिन्न काळांतील दोन लेखक बाहेर पडतात, दोघेही तिच्यावर कादंबरी लिहितात, आणि दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या तर एकीत जे आहे ते दुसरीत नाही असे आढळते. अशा वेळी विचारण्याजोगा प्रश्न हा की, संस्थेचे कोणते अंग कोणत्या निवेदनाला दिसते आणि कोणते दिसूच शकत नाही.

प्रस्तुत लेखात ज्या संस्थेचा विचार केला आहे ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॉटन शाळा होय. लुई ऑकिनक्लॉस यांची ‘द रेक्टर ऑफ जस्टिन’ ही कादंबरी १९६४ साली प्रसिद्ध झाली. लेखक १९३५ साली ग्रॉटनमधून उत्तीर्ण झाले होते. कर्टिस सिटनफेल्ड यांची ‘प्रेप’ ही कादंबरी २००५ सालची. लेखिका १९९३ साली त्याच शाळेतून उत्तीर्ण झाल्या. पहिल्या कादंबरीतील शाळेचे नाव जस्टिन मार्टर, दुसरीतील शाळेचे ऑल्ट. दोन्ही शाळा कल्पित आहेत; दोन्हींच्या मागे ग्रॉटन उभी आहे, हे वाचकांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरले.

या तुलनेला किल्ली म्हणून शाळेचे बोधवाक्य उपयोगी पडेल. ते लॅटिन आहे, आणि त्याचा अर्थ ‘ज्याची सेवा करणे म्हणजेच राज्य करणे’ असा होतो. ‘ज्याची’ म्हणजे अर्थात परमेश्वराची. हे शब्द एका प्राचीन लॅटिन प्रार्थनेतून आले आहेत. १५४९ साली आर्चबिशप क्रॅन्मर याने इंग्रजी प्रार्थनापुस्तक सिद्ध केले, तेव्हा या ठिकाणी त्याने एक अर्थपूर्ण बदल केला : ‘राज्य करणे’ हे क्रियापद काढून त्याने त्या जागी ‘पूर्ण स्वातंत्र्य’ ही कल्पना घातली. ग्रॉटनच्या मुलांच्या कानांवर चॅपेलमधील प्रार्थनेत क्रॅन्मरचे स्वातंत्र्य पडे आणि शाळेच्या मुद्रेवर त्यांच्या दृष्टीस लॅटिनमधील राज्य पडे. एकाच वाक्याच्या या दोन पाठांमधील अंतर किती, हा त्या शाळेच्या इतिहासाचा प्रश्न आहे. आणि माझ्या मते दोन्ही कादंबऱ्यांचाही तोच प्रश्न आहे.

२

प्रथम संस्थेचे स्वरूप. इपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन परंपरेची अमेरिकन शाखा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे तेथील धर्मोपदेशकांना अशक्य झाले, आणि १७८९ साली या पंथाने आपली स्वतंत्र घटना व प्रार्थनापुस्तक स्वीकारले. हा पंथ संख्येने लहान. पण ईशान्येकडील जुन्या व संपन्न कुटुंबांत त्याचे वजन मोठे. या पंथाच्या छायेखाली ज्या निवासी शाळा निघाल्या त्यांना ‘स्वतंत्र’ म्हणतात ते दोन अर्थांनी. त्या शासनाच्या नाहीत, आणि बिशपच्या प्रत्यक्ष कारभाराखालीही नाहीत. विश्वस्त मंडळ, देणग्या आणि शुल्क यांवर त्या चालतात. श्रद्धा चर्चची, कारभार विश्वस्तांचा, पैसा पालकांचा, अशी ही त्रिवेणी आहे. शाळेच्या चालकाला या तिघांमध्ये मेळ घालीत राहावे लागते, आणि ऑकिनक्लॉस यांच्या कादंबरीचे कथानक या ओढाताणीतूनच निर्माण झालेले आहे.

न्यू हॅम्पशायरमधील सेंट पॉल्स स्कूल १८५६ साली निघाले. ग्रॉटनची स्थापना १८८४ सालची. संस्थापक एंडिकॉट पीबॉडी यांचा जन्म १८५७ साली सेलम येथे झाला. पण वडील लंडनमधील मॉर्गन पेढीत भागीदार झाल्यामुळे त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये, प्रथम चेल्टनहॅम कॉलेजात आणि नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला, आणि तो चालू असतानाच १८८२ साली काही महिने ॲरिझोनातील टूमस्टोन या खाणींच्या गावी चर्चचे काम केले. खाणकामगार आणि जुगारी यांच्या त्या वस्तीत त्यांनी चर्चची इमारत उभी केली. दोन वर्षांनी लॉरेन्स कुटुंबाने दिलेल्या जमिनीवर ग्रॉटन शाळा उघडली, तेव्हा मुले होती २७. विश्वस्तांमध्ये प्रसिद्ध धर्मोपदेशक फिलिप्स ब्रुक्स होते, तसेच पेढीवाले जे. पी. मॉर्गनही होते. सेवा आणि राज्य यांची गाठ विश्वस्तांच्या यादीतच पडलेली दिसते.

इंग्लंडमधील पब्लिक स्कूलचा, विशेषतः रग्बीच्या टॉमस आर्नल्ड यांचा आदर्श पीबॉडींच्या डोळ्यांसमोर होता. आदर्शाबरोबर शब्दही आले, आणि भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. अमेरिकन शाळेत इयत्तेला ‘ग्रेड’ म्हणतात. ग्रॉटनमध्ये तिला ‘फॉर्म’ म्हणू लागले. शिक्षक हा ‘मास्टर’ झाला. वरच्या वर्गातील अधिकारप्राप्त मुलगा ‘प्रीफेक्ट’ झाला. भिंतीवर चेंडू मारण्याचा ‘फाइव्ज’ हा इंग्लिश खेळही आला. या सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘रेक्टर’. इपिस्कोपल व्यवहारात रेक्टर म्हणजे एखाद्या पॅरिशचा प्रमुख धर्मोपदेशक. शाळेचा प्रमुख रेक्टर म्हटला की शाळा आपोआप पॅरिश ठरते आणि विद्यार्थी तिचे श्रद्धावंत. शिस्तभंग हा मग केवळ नियमभंग राहत नाही, त्याला पापाची छटा येते. पीबॉडींच्या सर्व चरित्रसाधनांतून त्यांच्याविषयीचे जे भय आणि जे प्रेम व्यक्त होते, त्याचा उगम बऱ्याच अंशी या एका पदनामात आहे.

उच्चारांचेही तेच. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रमाण मानलेल्या उच्चारपद्धतीला त्यांनी पब्लिक स्कूलचेच नाव दिले होते. प्रमाण बोली ही एखाद्या प्रदेशाची नसून निवासी शाळांची आहे, ही त्यामागची कबुली. अमेरिकेत असे एकच प्रमाण कधी रुजले नाही. तथापि फ्रँकलिन रूझवेल्ट यांची ध्वनिमुद्रित भाषणे ऐकणाऱ्यास शब्दान्तीचा लुप्त ‘र’ आणि त्या वर्गाची विशिष्ट ढब चटकन जाणवते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही त्यांची जीभ आपले मूळ सांगत राहिली.

३

विद्यार्थिजीवनाचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे याच रूझवेल्टांनी शाळेतून घरी लिहिलेली पत्रे. १९४७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ते १८९६ ते १९०० या काळात ग्रॉटनमध्ये होते. बहुतेक मुले पहिल्या फॉर्मपासून एकत्र वाढलेली. हे मात्र दोन वर्षे उशिरा, तिसऱ्या फॉर्ममध्ये दाखल झाले. त्यातून त्यांच्या सावत्र भावाचा मुलगा त्यांच्याहून वयाने मोठा आणि आधीपासून शाळेत. परिणामी ‘अंकल फ्रँक’ हे टोपणनाव त्यांच्या वाट्याला आले. टोपणनाव हे निवासी शाळेतील खरे दुसरे बारसे होय. पहिले आईबाप करतात, दुसरे शाळासोबती करतात, आणि त्यात नवागताचे स्थान नेमके सांगितलेले असते.

दिनचर्या कडक होती. मुलांना झोपायला लहान खण. त्यांना दारे नसत, पडदा असे. सकाळी थंड पाण्याचे स्नान. सायंकाळच्या भोजनास ताठ कॉलर आणि चकचकीत जोडे. आठवड्याचा हातखर्च २५ सेंट. त्यांतील ५ रविवारी चर्चच्या झोळीत टाकावयाचे. रोज रात्री प्रत्येक मुलाने रेक्टर व त्यांच्या पत्नी यांच्याशी हस्तांदोलन करूनच झोपावयास जायचे. अपराधाबद्दल ‘काळी खूण’ मिळे. अशा सहा खुणा झाल्या की रेक्टरांपुढे उभे राहणे आले. धनिकांच्या मुलांना मुद्दाम दिलेले हे दारिद्र्य होते. त्यातून साधेपणा अंगी यावा ही पीबॉडींची इच्छा प्रामाणिक होती, यात शंका नाही. परंतु ज्याची मुदत ठरलेली आहे आणि ज्यातून बाहेर पडण्याचा दरवाजा हार्वर्डकडे उघडतो, ते दारिद्र्य आणि मुदत नसलेले दारिद्र्य यांत जात्याच भेद आहे.

शिस्तीची दुसरी, अलिखित बाजू मुलांच्या हाती होती. वरच्या वर्गातील मुले उद्धट ठरलेल्या लहान मुलाला बूट ठेवण्याच्या लहानशा पेटीत कोंबत; त्याहून मोठ्या अपराधाला तोंडावर पाण्याची धार सोडून त्याला गुदमरवून टाकीत. या दोन्ही शिक्षांना शाळेच्या बोलीत स्वतंत्र नावे होती. क्रौर्याला सुटसुटीत नाव मिळाले की ते रिवाजात जमा होते, हा समाजबोलीचा सर्वत्र आढळणारा धर्म येथेही दिसतो. रूझवेल्ट यांना या शिक्षा भोगाव्या लागल्या नाहीत. पण बोलल्याबद्दल पहिली काळी खूण मिळाली तेव्हा त्यांनी ती घरी समाधानाने कळविली. कारण फार निर्दोष असणे म्हणजे शाळेच्या वृत्तीशी समरस नसणे, असे सोबती मानू लागले होते. चौदापंधरा वर्षांच्या मुलाच्या त्या एका पत्रात दोन कायदे स्पष्ट दिसतात. एक रेक्टरांचा, दुसरा मुलांचा. आणि निर्वाह करावयाचा तर दोन्ही थोडेथोडे पाळावे, थोडेथोडे मोडावे लागतात. पुढे राजकारणात या गृहस्थांनी जे कौशल्य दाखविले त्याचा हा धुळाक्षरांचा पाठ म्हणता येईल.

त्याच काळात शाळेच्या मिशनरी मंडळातर्फे रूझवेल्ट यांनी एका सोबत्यासह यादवी युद्धातील एका ढोलवादकाच्या वृद्ध कृष्णवर्णीय विधवेची विचारपूस करण्याचे काम अंगावर घेतले होते. घरात कोळसा व पाणी आहे ना हे पाहणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, वादळ झाले की दारातील बर्फ ओढणे, असे ते काम. बोधवाक्यातील सेवा प्रत्यक्षात कशी होती हे पाहायचे असेल तर येथे पाहावे. ती खरी होती, शारीरिक होती, नियमित होती. आणि ती खालच्याने वरच्याची करावयाची सेवा नसून वरच्याने खालच्याची, आपल्या सवडीने करावयाची सेवा होती.

४

आता ऑकिनक्लॉस यांच्या कादंबरीकडे वळू. ब्रायन ॲस्पिनवॉल नावाचा एक भिडस्त तरुण १९३९ साली जस्टिन मार्टर शाळेत शिक्षक म्हणून येतो. शाळेचे संस्थापक फ्रान्सिस प्रेस्कॉट तेव्हा ऐंशीच्या घरात आहेत. ब्रायन त्यांचे चरित्र लिहू पाहतो आणि साधने जमवितो. बालमित्र होरेस हॅव्हिस्टॉक, विश्वस्तांचे प्रमुख डेव्हिड ग्रिस्कॅम, त्यांचा बंडखोर मुलगा ज्यूल्स, प्रेस्कॉट यांची कन्या कॉर्डेलिया आणि तिचा प्रियकर असलेला एक माजी विद्यार्थी, यांच्या आठवणी व टिपणे ब्रायनच्या दैनंदिनीत गुंफली जातात. चरित्र अखेर लिहिले जात नाही. जे उरते ती ही कादंबरी.

पहिल्या वाचकांनी प्रेस्कॉट म्हणजे पीबॉडी असे समीकरण मांडले. ऑकिनक्लॉस यांनी ते नाकारले आणि आपल्या डोळ्यांसमोर न्यायमूर्ती लर्नेड हँड होते असे सांगितले. लेखकाचे म्हणणे मानावयास हरकत नाही, कारण कलाकृतीचा साक्षीपुरावाही तेच सांगतो. पीबॉडी संशयाने ग्रासलेले पुरुष नव्हते. त्यांची श्रद्धा सरळ आणि दणकट होती. प्रेस्कॉट मात्र बुद्धीने धारदार, वाणीने उपरोधिक आणि स्वतःच्या कार्याविषयी अंतर्यामी साशंक आहेत. उतारवयात त्यांना दिसून येते की, आपण सेवक घडवीत आहोत असे मानले, आणि घडले ते समाजात आपापली जागा राखणारे चतुर गृहस्थ. शाळा मोठी झाली ती पैशाने. पैसा आणला ग्रिस्कॅमने. आणि ग्रिस्कॅमने तो आणला तो रेक्टरांच्या निःस्पृहतेची कीर्ती दाखवून. निःस्पृहता हेच भांडवल ठरावे हा या कादंबरीचा सर्वांत मर्मभेदी विचार होय, आणि तो लेखकाने कोठेही सूत्ररूपाने न सांगता घटनांतून उभा केला आहे.

या कादंबरीवर एक आक्षेप घेता येतो. निवेदक सहा, पण भाषा एक. वाक्यांची घडण, शब्दांची निवड, उपरोधाची जात सर्वत्र सारखी. कॉर्डेलियाच्या बोलण्यात थोडा मोकळेपणा आहे, ज्यूल्सच्या लेखनात थोडा दाह आहे. तरी पाने मिसळली तर कोणते कोणाचे हे ओळखणे जड जाईल. आक्षेप खरा आहे. तथापि त्याचे दुसरे मूल्यमापनही शक्य आहे. ही सर्व माणसे एका वर्गाची आहेत, आणि त्या वर्गाची ओळखच अशी की तिच्यात वैयक्तिक बोलीला फारसा वाव नाही. रेक्टरांचा द्वेष करणारा ज्यूल्स त्यांना शिव्या देतो त्याही त्यांनीच शिकविलेल्या वाक्यरचनेत. बंड करावयाचे तर त्यासाठी वेगळी भाषा लागते, आणि ती या शाळेने दिलेली नाही. लेखकाने हे हेतुपूर्वक केले असे मी म्हणत नाही. ऑकिनक्लॉस स्वतः त्याच शाळेत वाढले, न्यूयॉर्कमध्ये वकिली करीत त्याच जगात राहिले, आणि २०१० साली निधन होईपर्यंत त्याच जगावर लिहीत राहिले. त्यांची मर्यादा आणि त्यांच्या विषयाची मर्यादा येथे एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, इतकेच.

याहून गंभीर उणीव निराळी आहे. सहा निवेदकांत शाळेत आज शिकत असलेला मुलगा एकही नाही. जे माजी विद्यार्थी बोलतात ते शाळा सोडल्यानंतर, आणि बोलतात तेही रेक्टरांविषयी. खणांतील रात्री, मुलांचा आपसांतील कायदा, नवागताची धास्ती, हे सारे दूरच्या आवाजासारखे येते. कादंबरीच्या नावातच याचे कारण आहे. पॅरिशची गोष्ट रेक्टरच्या खोलीतून सांगितली की श्रद्धावंत हे पाठमोरेच दिसणार.

५

‘प्रेप’मध्ये परिस्थिती नेमकी उलटी आहे. निवेदक एकच, आणि ती विद्यार्थिनी. इंडियाना राज्यातील साउथ बेंड गावची ली फियोरा. वडिलांचे गाद्यांचे दुकान. शिष्यवृत्तीच्या बळावर ती ऑल्टमध्ये येते आणि चार वर्षे तेथे काढते. ग्रॉटनमध्ये मुलींना १९७५ सालापासून प्रवेश मिळाला. तेव्हा लीसारखी निवेदक ऑकिनक्लॉस यांच्या ग्रॉटनमध्ये संभवतच नव्हती. रेक्टर या कादंबरीत जवळजवळ नाहीत. मुख्याध्यापक आहेत, सकाळचे चॅपेल आहे. पण चॅपेल म्हणजे कोण कोठे बसते ते पाहण्याची जागा. शाळेला इतिहास आहे हे लीला माहीत आहे. तो तिला भिंतींवरच्या लाकडी फलकांत दिसतो, आणि तेथेच राहतो.

‘प्रेप’ हे नावही भाषिक दृष्ट्या बोलके आहे. ‘प्रिपरेटरी’ या शब्दाचा हा घरगुती संक्षेप. तो सहज उच्चारता येणे म्हणजे आतले असणे. लीची सारी धडपड अशा संक्षेपांवर प्रभुत्व मिळविण्याची आहे. ती शाळेत येते ती शालेय माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहून. म्हणजे लिखित आणि चित्रित भाषा तिला अवगत असते. न सांगितलेले नियम मात्र तिला एकेक करून, चुकत चुकत शिकावे लागतात. पलंगावर कोणत्या तऱ्हेची चादर असावी, उत्साह किती दाखवावा, पैशाचा उल्लेख कसा टाळावा. पैसा सर्वत्र आहे आणि त्याचे नाव कोणी घेत नाही, हे तिच्या ध्यानात येते. निषिद्ध शब्दांवरून समाजाचे दैवत ओळखावे, या मानवशास्त्रातील जुन्या दृष्टीला येथे चांगला आधार सापडेल.

सिटनफेल्ड यांचे सामर्थ्य सूक्ष्म निरीक्षणात आहे. एखाद्या मुलाने केलेला साधा प्रश्न, त्यावर लीने योजलेली पाच उत्तरे आणि प्रत्यक्षात दिलेले सहावे, अशा क्षणांची मांडणी त्या विलक्षण अचूकपणे करतात. या सूक्ष्मतेची किंमतही पडते. चारशेहून अधिक पानांत लीच्या लाजेपलीकडे आपण क्वचितच जातो, आणि मधल्या काही प्रकरणांत एकच भाव पुन्हा पुन्हा येत असल्याने वाचक थकतो. परंतु दोन ठिकाणी ही लाज स्वतःपुरती राहत नाही. ती शाळेचा निवाडा करते.

पहिले ठिकाण अखेरीकडे येते. शाळेच्या सूचनेवरूनच न्यूयॉर्क टाइम्सची बातमीदार लीशी बोलते, आणि चार वर्षे जे मनात साचले ते वर्ग, पैसा, वंश यांविषयीचे सारे ली बोलून जाते. ते छापून येते आणि वर्गसोबती तिच्याकडे पाठ फिरवितात. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, तिचा अपराध खोटे बोलण्याचा नाही. शाळेच्या आत जी वाक्ये उच्चारताच येत नाहीत ती तिने बाहेरच्या भाषेत उच्चारली, हा तिचा अपराध. ज्यूल्सला जी भाषा मिळाली नाही ती लीला वृत्तपत्राच्या बातमीदाराकडून उसनी मिळाली; आणि उसनी असल्यामुळेच ती वापरताच घसरली.

दुसरे ठिकाण माझ्या मते अधिक महत्त्वाचे. डेव्ह बार्डो हा शाळेच्या भोजनगृहात काम करणारा गावातील तरुण. एका संकटाच्या वेळी तो लीच्या उपयोगी पडतो, दोघांची ओळख वाढते, आणि आपण त्याच्याबरोबर दिसू या भीतीने ती मागे सरते. गाद्यांच्या दुकानदाराची ही मुलगी जन्माने डेव्हच्या अधिक जवळची आहे. शाळेने तिला इतके नक्कीच शिकविलेले असते की ती त्याच्या जवळची दिसता कामा नये.

६

येथे आपण पुन्हा बोधवाक्यापाशी येतो. दोन्ही कादंबऱ्यांत मिळून ‘सेवा’ या शब्दाचा मूळ, शारीरिक अर्थ ज्याला लागू पडेल असा माणूस शोधू गेले तर तो प्रेस्कॉट नाही, ब्रायन नाही, विश्वस्त तर नाहीतच. तो डेव्ह बार्डो आहे : जो ताटे उचलतो. शाळेच्या भाषेत त्याच्या कामाला सेवा म्हणत नाहीत. त्याला नोकरी म्हणतात. ऑकिनक्लॉस यांच्या सहा निवेदनांत स्वयंपाकघरातून किंवा अंगणातून एकही आवाज येत नाही. सिटनफेल्ड यांच्या कादंबरीत तो येतो आणि नायिका तो ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेते. दुसरी कादंबरी पहिलीहून अधिक दूर पाहते ती एवढ्या एका पावलाने, आणि ते पाऊल लहान नव्हे.

मराठी वाचकाला ही शब्दांची गुंतागुंत परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘सेवा’ हा शब्द संतांच्या दास्यभावातून आला, आणि तोच पुढे इंग्रजी ‘सर्व्हिस’चा प्रतिशब्द झाला. इंडियन सिव्हिल सर्व्हिस नावाच्या ज्या यंत्रणेने या देशावर राज्य केले तिच्या नावातही सेवाच होती, आणि तिचे बरेचसे अधिकारी इंग्लंडमधील पब्लिक स्कूलांतून आलेले होते. आजही आपण ‘लोकसेवा आयोग’ म्हणतो आणि त्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्याला मनातून साहेब समजतो. ग्रॉटनच्या लॅटिन वाक्याचे मराठी भाषांतर करणाऱ्याला शब्द शोधावे लागणार नाहीत. ते आपल्या प्रशासनाच्या परिभाषेत तयार आहेत.

मात्र एवढ्यावरून ग्रॉटनची सेवा हे केवळ राज्याचे सोवळे नाव होते असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. रूझवेल्ट याच शाळेचे, आणि ज्या वर्गाने त्यांना वाढविले त्या वर्गाचा रोष पत्करून त्यांनी मंदीच्या काळात सामान्यांसाठी कायदे केले. १९३२ साली पीबॉडींनी स्वतःचे मत हूव्हर यांना दिले होते. तरी १९३३ साली आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या अधिकारग्रहणाच्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना चालविली. पीबॉडी १९४० साली निवृत्त झाले. त्यांच्या पाठीमागून आलेल्या जॉन क्रॉकर यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी, सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल लागण्यापूर्वीच, पहिल्या कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश दिला, आणि १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बॉस्टनमधील मोर्चात ते आपल्या विद्यार्थ्यांसह चालले. २०१३ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले टेम्बा मकुबेला मुख्याध्यापक झाले, आणि पुढच्या वर्षी शुल्कवाढ थोपवून सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांना जागा करून देण्याची योजना शाळेने हाती घेतली. हे सारे बोधवाक्यातील क्रॅन्मरच्या पाठाला जवळचे आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. विल्यम बंडी हे ऑकिनक्लॉस यांच्याच वर्षीचे ग्रॉटनचे विद्यार्थी. त्यांचे धाकटे बंधू मॅकजॉर्ज त्यांच्यामागून एका वर्षाने उत्तीर्ण झाले. मॅकजॉर्ज १९६१ ते १९६६ राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षाविषयक सल्लागार होते. विल्यम १९६४ पासून परराष्ट्रखात्यात पूर्व आशियाचा कारभार पाहत होते. व्हिएतनाममधील युद्ध वाढविण्याचे जे निर्णय झाले त्यांत या दोन बंधूंचा हात होता. दोघेही स्वतःला राष्ट्राचे सेवकच समजत होते, आणि पैशासाठी ते त्या पदांवर गेले नव्हते. ‘द रेक्टर ऑफ जस्टिन’ प्रसिद्ध झाली ते वर्ष १९६४. प्रेस्कॉट यांची खंत अशी की, आपली मुले पैशाच्या मागे लागली, सेवेकडे वळली नाहीत. ती खंत छापली जात असताना त्याच शाळेची दोन मुले सेवेकडे वळलेली होती, आणि त्या सेवेची किंमत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरील लोक भरणार होते. कादंबरीला हा धोका दिसत नाही. सेवेचे अपयश म्हणजे सेवेचा अभाव, याच्यापलीकडे तिची नैतिक कल्पना जात नाही. सेवा पूर्ण निष्ठेने केली असताही ती राज्यच ठरू शकते, ही शक्यता तिच्या क्षितिजाबाहेर राहते. सिटनफेल्ड यांच्या क्षितिजावर तर राज्यच नाही. तेथे एका मुलीचे एका संस्थेशी असलेले नाते आहे, आणि ती संस्था जगात काय करते याची चौकशी नाही.

तेव्हा तुलनेचा निष्कर्ष असा मांडता येईल. रेक्टरच्या खोलीतून पाहणाऱ्या कादंबरीला हेतू दिसतात आणि जीवन दिसत नाही. खणातून पाहणारीला जीवन दिसते आणि हेतूंचा परिणाम दिसत नाही. पहिलीची व्याप्ती मोठी, दुसरीची नजर तीक्ष्ण. कलाकृती म्हणून मी पहिलीला किंचित अधिक मान देईन, कारण निःस्पृहतेचे भांडवल कसे होते हे तिने दाखविले, आणि ते दाखविताना स्वतःच्या आवडत्या नायकालाही सोडले नाही. पण शाळेवर तिसरी कादंबरी लिहिली जावयाची असेल तर तिचा निवेदक या दोन्ही जागांवर बसलेला असून चालणार नाही. ती भोजनगृहातून लिहावी लागेल. ताटे मांडणाऱ्याला रेक्टरही दिसतात, मुलेही दिसतात, आणि तीच मुले पुढे वर्तमानपत्रांत मंत्री व सल्लागार म्हणून छापली गेलेलीही दिसतात. ग्रॉटनने आपल्या १४० वर्षांच्या आयुष्यात अनेक लेखक घडविले. तो लेखक मात्र तिच्या पटावर नसण्याचाच संभव अधिक आहे.